टेकडीखालची दोन घरं

आमच्या घरामागची टेकडी कापायला पोकलेन आलं तेव्हा मोठ्या दिरांनी त्याला झेंडूचा हार घातला आणि त्याच्या लोखंडी पंजासमोर नारळ फोडला. मी नुकतीच शाळेतून परतले होते, पर्स अजून खांद्यावरच होती. सासूबाईंनी माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. मी तो खाल्ला.

निडी स्टेशनवर उतरून रोह्याच्या अंगाला थोडं चाललं की आमचं गाव. गावाच्या टोकाला टेकडी आणि टेकडीच्या पायथ्याशी आमची दोन घरं, एकमेकांना लागून, पुढे एकच अंगण. डावीकडचं दिरांचं, कौलारू. उजवीकडचं आमचं, स्लॅबचं. मी प्राथमिक शाळेत शिकवायची, हे कंपनीत होते. दोघांच्या पगारातून ते घर हळूहळू उभं राहिलं होतं. फरशी मी निवडली होती. मागच्या खोलीची खिडकी मोठी ठेवायची हा हट्टही माझाच होता, कारण तिच्यातून टेकडीवरची ऐनाची आणि काजूची झाडं दिसायची.

टेकडी दोघा भावांच्या नावावर होती. पोकलेन यायच्या आधी एका रविवारी दिरांनी ती प्लॉटवाल्यांना द्यायचे कागद आणले. "वर प्लॉट पाडतायत, मुंबईची माणसं बंगले बांधतील, सही कर," म्हणाले. ह्यांनी केली. वडील लवकर गेले, तेव्हा दिरांनीच ह्यांना शिकवलं, कंपनीत चिकटवलं. भावाला नाही म्हणणं ह्यांना कधी जमलं नाही.

दीर माझ्याशी थेट बोलत नसत. धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायचं नाही ही त्यांची जुनी रीत. मला काही सांगायचं असलं तर माझ्या देखतच ह्यांना किंवा जाऊबाईंना सांगायचे: "तिला सांग, पाण्याची मोटार बंद कर." मी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभी असायची. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे त्याचं काही वाटेनासं झालं.

पोकलेननं टेकडीच्या पोटातून आडवा रस्ता काढला. रस्त्याच्या वरच्या बाजूला लाल मातीची उभी भिंत राहिली आणि कापलेली माती खालच्या अंगाला, म्हणजे आमच्या परसाच्या दिशेनं, ढकलून दिली. ऐन गेले. काजू गेले. प्लॉटवाल्यांनी हमरस्त्याला मोठा फलक लावला, त्यावर हिरव्या डोंगराचं चित्र होतं. तो डोंगर आमचा नव्हता.

त्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात परसात लाल गाळ आला. आमच्या मोरीच्या फरशीला बारीक भेग पडली आणि मागचं दार चौकटीत अडकू लागलं. हे म्हणाले, लाकूड फुगलंय. मीही तेच मानलं.

पुढच्या उन्हाळ्यात आम्हा शिक्षकांना आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाला रोह्याला बोलावलं. असल्या प्रशिक्षणांत आम्ही बायका मागच्या बाकावर बसून हळूच घरच्या गप्पा मारतो. त्या दिवशीही तसंच चाललं होतं. मग भूगर्भशास्त्र शिकलेली एक तरुण मुलगी उभी राहिली आणि पडद्यावर फोटो दाखवू लागली. कापलेला उतार. वाकलेली झाडं. फरशीतली भेग. न लागणारं दार. माझ्या शेजारची मैत्रीण काहीतरी सांगत होती, ते मला ऐकू येईनासं झालं. ती मुलगी माझ्याच घराचे फोटो दाखवत होती, फक्त घरं दुसऱ्यांची होती. चहाच्या सुट्टीत मी तिला गाठलं. तिनं सगळं नीट विचारून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, वरचं पाणी घराकडे येण्याआधी बाजूला वळवा. मातीवर नुसता चर खणू नका, पाणी आत मुरेल. त्याला सिमेंट लावा आणि तो तुंबू देऊ नका. मागच्या संरक्षक भिंतीला पाण्यासाठी भोकं ठेवा. आणि मोठा पाऊस लागला तर तिथे राहू नका. काही झालं तरी राहू नका."

घरी आले तेव्हा जाऊबाई अंगणात सुकट निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, हात चालू होते.

"म्हंजे डोंगर खाली येल म्हणतेस?"

"येईलच असं नाही. पण येऊ शकतो, ताई."

"आमच्या सासऱ्यांच्या काळात कधी आला नाय तो."

"तेव्हा तो कापलेला नव्हता."

त्यांनी एकदा घराकडे, एकदा रस्त्याकडे पाहिलं. "ह्यांच्यासमोर बोलू नको गो," एवढंच म्हणाल्या.

मी ह्यांच्या मागे लागले. हे तसे कामाला मागे हटणारे नाहीत. शिफ्ट संपवून येत आणि कुदळ घेऊन परसात जात. रस्त्याच्या खालच्या बाजूला, दोन्ही घरांच्या वरून जाईल असा लांब चर आम्ही खणला, गवंडी लावून त्याला सिमेंटचा थर दिला आणि पाणी पलीकडच्या वहाळात सोडलं. मागच्या भिंतीत पाइप बसवले. झोपायच्या खोल्या बदलल्या. मागची खोली, मोठ्या खिडकीची, रिकामी केली. दाराजवळ एक पिशवी भरून ठेवली, तिच्यात घराचे कागद, ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, बॅटरी, सासूबाईंचा जादा चष्मा. सासूबाई तिला मढ्याची पिशवी म्हणायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या, "बघा, आमच्या मास्तरीणबाईंनी आमची तयारी करून ठेवलीय."

लोक हसायचे. मीही त्यांच्याबरोबर हसायची, कारण तिथे दुसरं काय करणार?

पावसाच्या तोंडावर एका संध्याकाळी परसात गेले तर वरच्या बाजूचा चर बुजलेला. रस्त्यावर टाकायच्या मुरमाचा ढीग त्यात ओतला होता आणि वरून रोलरही फिरवला होता. प्लॉट बघायला येणाऱ्यांच्या गाड्या वळवायला जागा केली होती. मी तशीच अंगणात आले. दीर झोपाळ्यावर बसले होते, हे त्यांच्यासमोर पायरीवर.

"दादा, चर बुजवलाय. तो मोकळा करायला सांगा प्लॉटवाल्यांना."

दीर ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "तिला सांग, चर आता त्यांच्या हद्दीत आला. सही केलीय आपण."

"हद्द कुणाचीही असू दे, पाणी आपल्या घरात येणार आहे."

"तिला सांग, वर मोठी गटार बांधणार हायत ते. पक्की."

"कधी?"

दिरांनी पायानं झोपाळ्याला रेटा दिला. हे पायरीवरून उठले, मला वाटलं काहीतरी बोलतील. ते आत जाऊन पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी मी तहसील कचेरीत गेले. तिथल्या माणसानं माझं म्हणणं शांतपणे ऐकलं. मग पुन्हा गेले. माणसं पाहणीला आली, फोटो काढले, रस्त्यावर चढून उतरली. मला वाटलं, आता वर काहीतरी होईल. वर काही झालं नाही. आमच्या दोन्ही दारांवर नोटीस चिकटवली गेली: हे क्षेत्र दरडप्रवण असून रहिवाशांनी पावसाळ्यात स्वतःच्या जबाबदारीवर सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे. टेकडी कापणाऱ्याला कुणी काही म्हणालं नाही. खाली राहणाऱ्यानं निघून जायचं, एवढंच ठरलं.

दिरांनी त्यांच्या दारावरची नोटीस नखांनी खरवडून काढली. "गिऱ्हाईक आला होता वर बघायला," ते अंगणात ओरडत होते, "नोटीस वाचून परत गेला. तिला सांग, घराला आग लावायची तर स्वतःच्या लाव!"

त्या पावसाळ्यात आम्ही पेणला गेलो. रामवाडीत माझं माहेर. भावानं वरची खोली दिली. खाली गणपतीचा कारखाना, त्यामुळे सकाळपासून रंगाचा आणि ओल्या मातीचा वास. मी रोज गाडीनं निडीला येऊन शाळा करायची, संध्याकाळी परत जायची. ह्यांना शिफ्टसाठी फार लवकर निघावं लागे. सासूबाई आल्या नाहीत. त्या मोठ्याकडे राहिल्या. त्या वर्षी पाऊस बेताचा झाला आणि टेकडी जागेवरच राहिली. गणपतीला परत आलो तेव्हा दिरांनी आरतीनंतर सगळ्यांसमोर ह्यांना विचारलं, "काय, माहेरपण झाला का?" खूप हसले सगळे. हेही हसले. माझ्या लेकीनं, ती तेव्हा पनवेलला शिकत होती, ते ऐकलं आणि आत जाऊन तिचं सामान भरलं. तिनं बरं केलं.

पुढल्या वर्षी हे म्हणाले, "या वेळी नाही जायचं."

"का?"

"किती दिवस लोकांना हसवायचं?"

मी खूप बोलले. भेग दाखवली, तिच्यात आता बोट जात होतं. चर तसाच बुजलेला होता, पक्कं गटार अजून यायचं होतं. ह्यांनी भेग सिमेंटनं भरली. त्यावर आमचं भांडण संपलं, म्हणजे मी बोलायची थांबले.

आषाढात सलग पाऊस लागला. शाळांना सुट्टी जाहीर झाली. हे पहिल्या शिफ्टला गेले होते, दीर कसल्याशा कामाला रोह्यात. दुपारी जेवणं आटोपून मी भांडी घासायला मागे गेले तर भिंतीतल्या पाइपांतून लाल, घट्ट पाणी येत होतं. रोज ते नितळ असायचं. मी बघत उभी राहिले आणि वरून सुपारीएवढे खडे टपटप पडायला लागले. मग वर कुठेतरी जाड कापड फाडावं तसा आवाज झाला. एकदाच.

मी पिशवी उचलली आणि शेजारी धावले. सासूबाई पलंगावर बसून पान कुटत होत्या. मी त्यांचा हात धरला. "आई, उठा. आत्ता." माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही, पण त्या एक शब्दही न बोलता उठल्या, काठी घेतली आणि चालू लागल्या. जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलं त्यांनी. अडल्या त्या जाऊबाई.

"हे आल्याबिगर मी घर सोडणार नाय."

"ताई, बाहेर या."

"आणि म्हस? गोठ्यात म्हस हाय गो! दावं तरी सोडू दे."

गोठा घराच्या मागे होता, टेकडीला लागून. त्या मागच्या दाराकडे निघाल्या. मी त्यांच्या पदराला धरून ओढलं, पदर सुटला, मग दंड धरला. त्या मला मारत होत्या. माझ्या गालावर त्यांच्या बांगडीचा ओरखडा उठला. मी त्यांना अक्षरशः फरफटत अंगणाबाहेर काढलं आणि आम्ही तिघी उताराला न लागता आडव्या, शाळेच्या बाजूला चालत सुटलो. प्रशिक्षणात सांगितलं होतं, खाली पळू नका, बाजूला पळा. सासूबाईंची चप्पल चिखलात राहिली.

शाळेच्या पडवीत पोचलो आणि मागे वळलो, तेव्हा टेकडी खाली येत होती. मला वाटायचं, फार मोठा आवाज होत असेल. आवाज खडी भरलेली गाडी रिकामी करतात तसा होता, तो फक्त थांबत नव्हता. वरचा रस्ता मधोमध तुटून मुरमासकट घसरला. कौलं दिसली, मग दिसली नाहीत. आमचा स्लॅब एका बाजूला कलला आणि तसाच मातीवर टेकून राहिला. पावसात कच्च्या मातीचा वास आला.

जाऊबाई पडवीत खाली बसल्या. त्या रडत नव्हत्या. "दावं सोडू दिला असतास तर," त्या म्हणत होत्या, "एवढा नुसता दावं."

गाव जमलं. दीर रोह्याहून आले ते छत्रीशिवाय, चिंब भिजलेले. आधी आईजवळ गेले, तिला चाचपून पाहिलं, मग बायकोकडे एक नजर टाकली. नंतर ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलले.

"झाला समाधान तुझा?"

गालावरचा ओरखडा झोंबत होता. आजूबाजूला पन्नास माणसं असतील. त्यांतल्या कुणीही त्यांना गप्प बस म्हटलं नाही.

पाऊस ओसरल्यावर कचेरीची माणसं आली, त्यांच्याबरोबर एक वयस्कर भूगर्भतज्ज्ञ. मातीचा ढीग, तुटलेला रस्ता, सगळं फिरून पाहिलं त्यांनी. हेही होते तिथे, कंपनीच्या गणवेशात. दीर पुढे होऊन सांगू लागले, "साहेब, ह्या दोघांनीच वर चर खणला. त्यात पाणी साचून मुरला आणि डोंगर आला. नायतर इतकी वर्षं हाय आम्ही इथं."

"चर सिमेंटचा होता," मी म्हणाले, "आणि तो मुरूम टाकून बुजवला होता."

तज्ज्ञांनी विचारलं, "कुणी बुजवला?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पायांखालच्या मातीकडे बघत होते. मी जाऊबाईंकडे पाहिलं. दिवसभर अंगणात वावरणारी ती बाई. दुपारची झोपसुद्धा ओट्यावर घ्यायची. रोलर तिच्या डोळ्यांसमोर फिरला होता.

"ताई, सांगा ना."

"मला नाय ठाव," जाऊबाई म्हणाल्या. "मी घरात होते."

तज्ज्ञांनी वर रस्त्याकडे बोट करून बराच वेळ काहीतरी समजावलं. त्यांना सगळं दिसत होतं. त्यांनी तसं कळवलंही असेल. पण गावाला त्यांचं म्हणणं कळलं नाही, दिरांचं कळलं. आजही निडीच्या आसपास कुणाला विचारा, ते घर कसं गेलं. सांगतील, मास्तरीणबाईनं चर खणला म्हणून. कुणी त्याच्याही पुढे जाऊन म्हणतं, ती सारखं सारखं बोलायची, तेच खरं झालं. पुढे कुणी घरामागे पाण्याला वाट करायला निघालं तर घरचे आधी माझं उदाहरण देतात. हे मला सगळ्यात जास्त लागतं. माझं नाव गेलं ते गेलं. पण त्या मुलीनं प्रशिक्षणात सांगितलेली साधी गोष्टही माझ्यामुळे गावातून गेली.

आम्ही पेणला आलो ते कायमचे. प्लॉटवाल्यांनी दिरांना त्याच टेकडीच्या दुसऱ्या अंगाला जागा दिली, तिथे त्यांनी घर बांधलं. सासूबाई काही महिने त्यांच्याकडे राहिल्या आणि मग एका दुपारी रिक्षातून आमच्या दारात उतरल्या. का आलात, मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. आता पावसाची सर आली की खिडकी लावायला त्याच पहिल्या उठतात. मी त्यांचं सगळं करते. त्यांनी मला चांगलं म्हणावं ही अपेक्षा सोडून दिली आहे, त्यामुळे करणं सोपं जातं.

गेल्या वर्षी श्रावणात जाऊबाई पेणला आल्या. गणपतीची मूर्ती ठरवायला आल्या होत्या, तशाच वर घरी आल्या. आमची भेट त्या पाहणीनंतर झालीच नव्हती. सासूबाई झोपल्या होत्या. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. त्या आल्या आणि न विचारता पाटावर बसल्या, पूर्वी बसायच्या तशा.

"चर ह्यांनीच बुजवायला लावला," त्या म्हणाल्या. "रोलरवाल्याला हाक मारून दाखवला, इथं टाक म्हणून. मी ओट्यावरून बघत होते."

मी लाटणं ठेवलं.

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"कशी बोलू गो? तू पेणला आलीस. तुझी नोकरी होती. मला त्याच माणसाबरोबर नांदायचा होता."

"मी तुम्हाला ओढून काढलं होतं, ताई."

"व्हय. म्हणूनच तर तुझ्यासमोर येता येत नव्हता."

त्या पदर तोंडाला लावून रडल्या. मला रडू आलं नाही. त्यांची अडचण मला कळत होती, अगदी नीट कळत होती, आणि तरी माझ्या मनात एकच आलं: हे इथे, चुलीपाशी, मला एकटीला सांगून काय उपयोग? निडीच्या नाक्यावर सांगा. त्या सांगणार नव्हत्या. त्यांना ओझं उतरवायचं होतं, ते त्यांनी माझ्या पोळपाटाशेजारी उतरवलं आणि हलक्या झाल्या. मी चहा केला. त्यांनी दोन कप घेतला. जाताना म्हणाल्या, "मनात ठेवू नको." मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले नाही.

हे आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. मला वाटलं, आता तरी हे भावाला फोन करतील. ह्यांनी बूट काढून फळीवर नीट ठेवले.

"मला माहीत होतं," हे म्हणाले.

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. आता कशाला उकरून काढायचं? गणपती तोंडावर आलेत."

गणपतीला हे भावाकडे गेले, दरवर्षी जातात तसे, सासूबाईंना गाडीत बसवून. मी मागे राहिले. लेक पनवेलहून आली होती. आम्ही दोघींनी खिचडी केली, दार लावून घेतलं आणि जेवलो.